समुद्री शंखांच्या शुक्रपेशी अभ्यासताना या चुका टाळा

कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावरून आणलेल्या पुरपुरा किंवा इंडोथायससारख्या मांसाहारी शंखाच्या वृषणाची स्लाइड पहिल्यांदा लावली की तीन गोष्टी नजरेत भरतात. नळीच्या भिंतीलगत गोल पेशींचे थर दिसतात. मधल्या पोकळीत केसांच्या बटांसारखे शुक्राणूंचे झुबके दिसतात. आणि या दोहोंच्या मधे कुठेतरी जाडजूड, अळीसारख्या, आत दाणेच दाणे भरलेल्या काही पेशी असतात. पहिल्या दोन गोष्टींची नावं पुस्तकात लगेच सापडतात. तिसरीपुढे वहीत ‘ऱ्हास पावणाऱ्या पेशी’ असं लिहिलं जातं, नाहीतर ‘परजीवी’. बहुतेक वेळा ही दोन्ही नावं चुकीची असतात. ती त्या नराचीच, अगदी निरोगी, पण दुसऱ्या प्रकारची शुक्रपेशी असते.

याच्या उलट चूकही तितकीच होते. तंतुकणिका फुगलेल्या, ॲक्रोझोम (शुक्राणूच्या टोकावरची, अंड्यात शिरायला मदत करणारी पिशवी) फुटलेला, पेशीपटल सुटलेलं, आणि हे सगळं ‘विकासाची विशेष अवस्था’ म्हणून प्रबंधात जातं. खरं तर बिघाड शंखात नसून फिक्सेटिव्हच्या, म्हणजे पेशी आहे तशी स्थिर करणाऱ्या द्रावणाच्या, बाटलीत असतो.

म्हणून या कामात सतत एकच प्रश्न विचारत राहावा लागतो: जे दिसतंय ते प्राण्याचं आहे की आपल्या हातचं? त्याची हमखास कसोटी म्हणजे त्याच नराचे जिवंत शुक्राणू आधी समुद्राच्या पाण्यात पाहणं. दहा मिनिटांचं काम आहे, आणि नेमकं तेच वगळलं जातं. खालच्या बहुतेक चुका त्या दहा मिनिटांत पकडता येतात.

एका शंखाची आकृती दुसऱ्याला लावणं

शुक्राणूचा आकार शंखाच्या प्रजननाच्या पद्धतीवर ठरतो. खडकाला चिकटलेले टोपीसारखे लिंपेट, ट्रोकस आणि टर्बो हे शंख आपली बीजं थेट पाण्यात सोडतात. त्यांचा शुक्राणू साधा आणि आखूड असतो. पुढे शंकूसारखा ॲक्रोझोम, मागे छोटं भरीव केंद्रक, त्याखाली दोन सेंट्रिओलभोवती कडं करून बसलेल्या चार-पाच गोल तंतुकणिका, आणि मग शेपटी. एवढीच त्याची रचना.

पुरपुरा, बॅबिलोनिया, लिटोरिना, कोनस यांच्यात फलन मादीच्या शरीरात होतं. त्यांच्या शुक्राणूचं केंद्रक लांब होतं. तंतुकणिका एकमेकींत मिसळून शेपटीच्या सुरुवातीच्या भागाभोवती पीळ घालून बसतात. त्याच्या मागे ग्लायकोजेन साठवणारा भाग असतो आणि या दोन भागांच्या सांध्यावर एक कडं असतं. लिटोरिनात तर केंद्रकच नळीसारखं होऊन शेपटीचा गाभा त्याच्या आत खोलवर शिरलेला असतो. हे ठाऊक नसलं तर आडव्या छेदात केंद्रकाच्या मधोमध शेपटीच्या ९+२ नलिका (कडेनं नऊ जोड्या, मधे दोन) दिसल्यावर माणूस गोंधळतो आणि दोन पेशी एकमेकींवर आल्या असं समजतो.

नेरिटाला लिंपेटच्या रांगेत बसवू नका. तो त्याच खडकावर सापडतो, पण त्याचं फलन शरीराच्या आत होतं आणि त्याच्यातही दोन प्रकारचे शुक्राणू बनतात. समुद्री ससा किंवा न्यूडिब्रँक घेतलात तर तिथे वेगळं वृषण शोधूच नका. हे प्राणी उभयलिंगी असतात, अंडी आणि शुक्राणू एकाच ग्रंथीत तयार होतात, आणि दुसऱ्या प्रकारच्या शुक्रपेशी त्यांच्यात नसतात.

पहिल्यांदाच काम करणाऱ्यानं एक लिंपेट आणि एक मांसाहारी शंख अशी जोडी घ्यावी, असं आमचं मत आहे. साधा शुक्राणू एकदा नीट पाहिला की गुंतागुंतीच्या शुक्राणूतला प्रत्येक भाग कुठून आला ते कळतं.

शिश्न दिसलं म्हणजे नर, हा समज

मांसाहारी शंखांत उजव्या स्पर्शिकेच्या मागे शिश्न असतं आणि त्यावरून नर ओळखायची पद्धत आहे. बंदर, गोदी किंवा बोटी रंगवायची जागा जवळ असेल तिथे ही खूण दगा देते. बोटींच्या तळाला लावल्या जाणाऱ्या जुन्या रंगांत ट्रायब्युटिलटिन हे कथिलाचं संयुग असायचं. त्याच्या संसर्गानं मादी शंखांना शिश्न आणि शुक्रवाहिनी फुटते. या प्रकाराला इम्पोसेक्स म्हणतात. या रंगांवरची जागतिक बंदी २००८ मध्ये अमलात आली, पण बंदराच्या गाळात हे संयुग बराच काळ टिकतं. गोव्याच्या किनाऱ्यावरच्या क्रोनिया कोंकणेन्सिस या शंखात इम्पोसेक्स आढळल्याची नोंद १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. तेव्हा लिंग ठरवताना शिश्नासोबत आणखी दोन गोष्टी पाहा: मादीच्या प्रावरण पोकळीतली मोठी, पांढरट संपुट ग्रंथी (अंड्यांभोवतीचं आवरण बनवणारी) आहे का, आणि जनन ग्रंथीतून काढलेल्या थेंबात शुक्राणू दिसतात की अंडपेशी.

याचीच दुसरी बाजू अशी की मादीच्या शरीरात शुक्राणू सापडले म्हणून ती उभयलिंगी ठरत नाही. समागमानंतर मिळालेले शुक्राणू ती साठवून ठेवते. शुक्रग्राही पिशवीत ते डोकी भिंतीत रोवून ओळीनं उभे असतात. तशी रचना दिसली तर तो भाग वृषणाचा नाही एवढं नक्की.

परजीवीला वृषण समजणं, आणि वृषणाला परजीवी

शंखाच्या वरच्या वेटोळ्यांत पाचकग्रंथी आणि वृषण एकमेकांना चिकटून असतात. पाचकग्रंथी तपकिरी किंवा हिरवट असते. वृषणाचा रंग प्रजातीनुसार आणि ऋतूनुसार पिवळसर, मलईसारखा ते नारिंगी. याच जागी पर्णकृमींच्या अळ्याही घर करतात. त्यांच्या फिकट पिवळ्या किंवा पांढऱ्या पिशव्या वृषणाची जागा भरून टाकतात आणि यजमानाचं शुक्रजनन पार बंद पाडतात. नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर ते भरलेलं, पक्व वृषण वाटतं.

खाडीतल्या, खाजणातल्या शंखांत ही अडचण जास्त येते. उपाय सोपा आहे. वरच्या वेटोळ्यातला डाळीच्या दाण्याएवढा तुकडा समुद्राच्या पाण्यात विस्कटा आणि कमी वर्धनाखाली पाहा. सॉसेजसारख्या पिशव्या किंवा शेपटी हलवत फिरणाऱ्या सर्केरिया (पर्णकृमींच्या पोहणाऱ्या अळ्या) दिसल्या तर तो प्राणी शुक्रजननाच्या मोजणीतून बाहेर काढा. मात्र फेकून देऊ नका, त्याची नोंद ठेवा. एखाद्या महिन्यात ‘वृषण रिकामी’ असलेले नर अचानक वाढले, तर कारण ऋतू असेलच असं नाही. संसर्गही असू शकतो, आणि ही नोंद नसली तर ते कधीच कळणार नाही.

गोळा करताना आणि शंख फोडताना

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटी खूप खाली जाते आणि खालच्या पट्ट्यातले शंख हाताला लागतात. पण दर महिन्याला त्याच पट्ट्यातून, साधारण त्याच आकाराचे शंख घ्यायला हवेत. एका महिन्यात वरच्या खडकावरचे आणि पुढच्या महिन्यात खालच्या खळग्यातले घेतले, तर मिळालेला फरक ऋतूचा की जागेचा, हे सांगता येणार नाही. महिन्याला किमान १५ ते २० प्रौढ नर आणि सलग १२ महिने, हे किमान गणित. पावसाळ्यातले जून ते ऑगस्ट गाळून काढलेला ‘वार्षिक चक्र’ हा आलेख वार्षिक नसतो. खवळलेल्या समुद्रात खडकांवर जाणं धोक्याचं असतं हे खरं, म्हणून आडोशाची जागा आधीच हेरून ठेवा. आणि जे महिने चुकले ते आलेखात रिकामे सोडा, रेषेनं जोडू नका.

काही शंख वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत. गोळा करण्याआधी यादी तपासा. शंकूच्या आकाराचे कोनस उघड्या हातानं उचलू नका, त्यांचा दंश विषारी असतो.

आणताना झाकणबंद बादलीत पाणी भरून शंख ठेवले की त्यातला प्राणवायू संपतो आणि घरी पोचेपर्यंत निम्मे मरगळतात. ओल्या फडक्यात किंवा समुद्री शेवाळात गुंडाळून, सावलीत, हवा खेळेल अशा डब्यात आणा. बर्फाचा थेट स्पर्श नको. फ्रीझरमध्ये तर कधीच नको, कारण गोठून वितळलेल्या वृषणात पेशीच उरत नाहीत.

शंख फोडायला हातोडी वापरली तर कवचाचे कण मऊ भागात घुसतात आणि पुढे मायक्रोटोमच्या (पातळ छेद कापायच्या यंत्राच्या) पात्याला खाचा पाडतात. वाइसमध्ये फडक्यात गुंडाळून शंखाचं सर्वांत मोठं वेटोळं धरा आणि हळूहळू आवळत न्या. कट्ट असा एक आवाज आला की थांबा. तडकलेले तुकडे चिमट्यानं एकेक काढा. मधल्या खांबाला धरून ठेवणारा स्नायू कापा आणि प्राणी वेटोळ्याच्या दिशेनं फिरवत, स्क्रू काढल्यासारखा बाहेर घ्या. सरळ ओढलात तर शेंड्याकडची दीड-दोन वेटोळी आतच तुटून राहतात, आणि वृषण नेमकं तिथेच असतं.

प्राणी सैल करायचा असेल तर मॅग्नेशियम क्लोराइड हेक्झाहायड्रेट ७५ ग्रॅम एक लिटर गोड्या पाण्यात विरघळवा आणि त्यात तितकंच समुद्राचं पाणी मिसळा. हीच पावडर थेट समुद्राच्या पाण्यात विरघळवली की द्रावण जवळजवळ दुप्पट खारं होतं आणि पेशी आकसतात. शुक्राणूंची हालचाल पाहायची असेल तो नर मात्र सैल न करताच घ्या.

जिवंत थेंब: इथे गोडं पाणी विषासारखं

वृषणाच्या खाली, खांबाच्या बाजूला, दुमडलेल्या दोऱ्यासारखी चमकदार पांढरी नळी दिसते. ती शुक्राशय. पक्व नरात ती टम्म फुगलेली असते. बारीक सुईनं टोचलं की दुधासारखा द्रव बाहेर येतो. तो सुईच्या टोकावर घेऊन त्याच जागेच्या, गाळलेल्या समुद्राच्या पाण्यातल्या थेंबात मिसळा. पाणी दाट दुधाळ राहिलं तर आणखी पातळ करा, कारण दाट थेंबात एकही शुक्राणू सुटा दिसत नाही. काचेच्या आवरणाच्या चार कोपऱ्यांना व्हॅसलिनचे बारीक ठिपके लावा म्हणजे पेशी चिरडत नाहीत. फेज काँट्रास्ट असेल तर ४०० पट वर्धन पुरेसं होतं.

स्लाइड नळाच्या पाण्यानं धुऊन ओलीच वापरणं ही सर्वांत जास्त होणारी चूक. शंखाच्या पेशींभोवतीचा द्रव समुद्राइतकाच खारट असतो. गोड्या पाण्याचा अंश लागला की पाणी आत घुसतं, डोकं फुगतं आणि शेपटी वळून वेटोळं किंवा फास होतो. सगळ्याच शेपट्यांना असा फास दिसला तर ती प्रजातीची खूण नाही, पाण्याची आहे. पावसाळ्यात खाडीच्या तोंडचं पाणीच गोडसर असतं. म्हणून ‘समुद्राचं पाणी’ म्हणजे प्राणी ज्या दिवशी, ज्या ठिकाणी मिळाला तिथलंच पाणी. जमल्यास रिफ्रॅक्टोमीटरनं क्षारता मोजून वहीत लिहा.

वृषणातून थेट काढलेले शुक्राणू मंद हलतात किंवा हलतच नाहीत. शुक्राशयातले चपळ असतात. वृषणातला थेंब पाहून ‘शुक्राणू अचल’ असा निष्कर्ष काढू नका.

आणि याच थेंबात त्या अळीसारख्या पेशी भेटतात.

दुसऱ्या प्रकारच्या शुक्रपेशी: ज्यांना कचरा समजलं जातं

एकाच नरात दोन तऱ्हेचे शुक्राणू असतात हे फॉन झीबोल्ड या जर्मन प्राणिशास्त्रज्ञानं १८३६ मध्ये गोड्या पाण्यातल्या पालुडिना शंखात दाखवलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मेव्हेस यानं केंद्रकद्रव्याच्या प्रमाणावरून नावं दिली: पूर्ण केंद्रकद्रव्य असलेले ते युपायरीन, थोडंच असलेले ते ऑलिगोपायरीन आणि अजिबात नसलेले ते एपायरीन. १९८१ मध्ये हीली आणि जेमिसन यांनी पायराझस या ऑस्ट्रेलियन शंखावर काम करताना युस्पर्म आणि पॅरास्पर्म ही जोडी रूढ केली. फलन करतो तो युस्पर्म. जो फलन करत नाही, पण नेहमीच्या शुक्रजननातूनच बनतो, तो पॅरास्पर्म. जुने लेख वाचताना ही नावं एकमेकांशी जुळवून घ्या, नाहीतर एकाच पेशीला तीन वेगवेगळ्या पेशी समजाल.

पॅरास्पर्म सगळीकडे एकसारखा नसतो. पुरपुरासारख्या शंखांत तो लांब, अळीसारखा असतो. आत शेपटीचे अनेक गाभे शेजारी शेजारी धावतात आणि त्यांच्यामधे दाट कणिका ठासून भरलेल्या असतात. सेरिथियमच्या कुळात डोक्याला थोडं केंद्रकद्रव्य आणि मागे शेपट्यांचा झुबका असतो. लिटोरिनात तो गोलसर असतो, त्यात काडीसारखे घट्ट पिंड असतात आणि युस्पर्म त्याला डोक्यानं चिकटून राहतात. पावसाळ्यात किनाऱ्यावर वाहून येणाऱ्या जांभळ्या जँथिना शंखाचा पॅरास्पर्म तर एवढा मोठा असतो की शेकडो युस्पर्म अंगावर घेऊन तो पाण्यात तरंगत जातो. जँथिनाच्या नराला शिश्न नसतं. शुक्राणू मादीपर्यंत पोचतात ते या वाहनावर बसून.

पण जँथिनातलं काम पुरपुरावर लादू नका. वाहून नेणं, पोषण देणं, दुसऱ्या नराच्या शुक्राणूंशी झुंजताना उपयोगी पडणं असे वेगवेगळे तर्क वेगवेगळ्या शंखांसाठी मांडले गेले आहेत. तुमच्याकडे फक्त रचनेची चित्रं असतील तर रचनेबद्दलच लिहा.

बनत असलेला पॅरास्पर्म आणि मरणारी पेशी वेगळी कशी ओळखायची? खरी गफलत इथेच होते, कारण पॅरास्पर्मचं केंद्रक खरोखरच तुटतं, आकसतं आणि नाहीसं होतं. फक्त केंद्रक पाहिलं तर ती पेशी मरतेय असंच वाटणार. म्हणून केंद्रक सोडून बाकीच्या पेशीकडे बघा. पॅरास्पर्म बनत असताना पेशी मोठी होत जाते. आंतर्द्रव्य जालिका आणि गॉल्जी पिंड जोरात काम करत असतात, कणिका एकामागून एक तयार होतात, सेंट्रिओलची संख्या वाढते आणि प्रत्येकातून व्यवस्थित ९+२ रचनेचा गाभा निघतो. तंतुकणिकांचे आतले पडदे नीटस असतात. मरणाऱ्या पेशीत याच्या उलट असतं: पेशी आकसते, तंतुकणिका फुगतात, आत पचन चालू असल्याच्या अनियमित पोकळ्या दिसतात, आणि नवीन काहीही बनत नसतं. आणि मघाच्या जिवंत थेंबात तशाच आकाराची पेशी नागमोडी हलताना दिसली असेल तर प्रश्नच मिटतो.

रंगांचीही मदत होते. डीएनए रंगवणाऱ्या फॉयल्गेन रंगणात एपायरीन पेशी रंग घेत नाही, ऑलिगोपायरीन फिकट घेते. पॅरास्पर्मच्या कणिका बऱ्याच शंखांत पीएएस (कर्बोदकं रंगवणाऱ्या) रंगणात किरमिजी होतात. मोजणी करताना दोन्ही प्रकार वेगळ्या रकान्यांत लिहा. एकत्र बेरीज केली तर ‘शुक्राणूंची संख्या’ या आकड्याला काही अर्थच राहत नाही.

शब्दाचा एक सापळाही इथेच आहे. लिटोरिनावरच्या जुन्या लेखांत पॅरास्पर्मला ‘नर्स सेल’ म्हटलंय. वृषणाच्या भिंतीला चिकटून वाढत्या पेशींना आधार देणाऱ्या सर्टोली पेशींनाही काही जण तेच म्हणतात. या दोन्ही पूर्ण वेगळ्या पेशी आहेत.

पॅराफिनच्या छेदात होणारे घोळ

बुअँ फिक्सेटिव्ह: पिक्रिक आम्लाचं संपृक्त द्रावण ७५ मिली, ४० टक्के फॉर्मल्डिहाइड २५ मिली, ग्लेशियल ॲसेटिक आम्ल ५ मिली. ॲसेटिक वापरायच्या दिवशीच घाला. तुकडा ४ ते ५ मिलिमीटरहून जाड नको, द्रावण तुकड्याच्या किमान २० पट हवं. अख्खा शंख कवचासकट बाटलीत टाकला तर आम्ल कवचावर फेस काढण्यातच संपतं आणि आतलं वृषण कुजतं. १२ ते २४ तासांनी ७० टक्के अल्कोहोलमध्ये हलवा आणि पिवळेपणा जाईपर्यंत अल्कोहोल बदलत राहा. चिमूटभर लिथियम कार्बोनेट घातलं तर काम लवकर होतं. पिक्रिक आम्ल कधीही सुकू देऊ नका, कोरडं झालं की ते स्फोटक असतं.

फॉयल्गेन करायचं असेल तर बुअँ टाळा. त्यातल्या आम्लानं आधीच डीएनएचं अंशतः विघटन होतं आणि नंतरच्या ६० अंश सेल्सिअसवरच्या १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लाच्या पायरीत ते जास्तच होऊन रंग फिका येतो. मग निरोगी युस्पर्मही एपायरीन वाटायला लागतो. त्यासाठी अल्कोहोल तीन भाग आणि ग्लेशियल ॲसेटिक एक भाग हे साधं मिश्रण वापरा.

५ मायक्रोमीटरचे छेद आणि हिमॅटॉक्सिलिन-इओसिन एवढ्यावर अवस्था ओळखता येतात. शेपटी आणि ॲक्रोझोम उठून दिसायला हवे असतील तर हायडेनहाइनचं आयर्न हिमॅटॉक्सिलिन सरस. भिंतीलगतच्या मोठ्या, फिकट केंद्रकाच्या पेशी स्पर्मॅटोगोनिया, म्हणजे शुक्रजननाच्या मूळ पेशी. गुणसूत्रांचे दोरे गुंतलेले दिसतात त्या प्राथमिक स्पर्मॅटोसाइट. दुय्यम स्पर्मॅटोसाइटची अवस्था फार थोडा वेळ टिकते, म्हणून त्या क्वचितच दिसतात. एखाद्या तक्त्यात दुय्यम स्पर्मॅटोसाइट ३० टक्के दाखवल्या असतील तर त्यांतल्या बहुतेक खरं म्हणजे गोल स्पर्मॅटिड (विभाजन संपून शुक्राणूत बदलू लागलेल्या पेशी) असणार.

तिरक्या छेदाचाही विसर पडतो. लांब झालेलं केंद्रक आडवं कापलं गेलं की गोलच दिसतं. त्याला ‘गोल स्पर्मॅटिड’ म्हणण्याआधी त्याचा रंग किती गडद आहे ते पाहा. गोल स्पर्मॅटिडचं केंद्रक मोठं आणि फिकट असतं, लांब केंद्रकाचा आडवा छेद लहान आणि काळाकुट्ट.

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप: सगळा खेळ क्षारांचा

सस्तन प्राण्यांसाठी लिहिलेली कृती जशीच्या तशी वापरणं ही इथली सर्वांत महागडी चूक. ३५ क्षारतेच्या समुद्राच्या पाण्याचा परासरण दाब (विरघळलेल्या पदार्थांमुळे पाणी ओढून घेणारा दाब) सुमारे १००० ते ११०० मिलिऑस्मोल असतो, सस्तन प्राण्यांच्या रक्ताचा ३०० च्या आसपास. ०.१ मोलर कॅकोडायलेट बफर एकटं साधारण २०० मिलिऑस्मोल भरतं. ग्लुटारल्डिहाइड हे फिक्सेटिव्ह पटलातून आत शिरतं, म्हणून त्याचा दाब हिशेबात धरायचा नाही. त्या बफरात १० टक्के साखर घातली तर सुमारे ३०० ची भर पडते, १.५ टक्के मीठ घातलं तर साधारण ४७० ची. बेरीज ९७० च्या जवळ जाते. सुरुवात इथून करा: २.५ टक्के ग्लुटारल्डिहाइड, ०.१ मोलर सोडियम कॅकोडायलेट, पीएच ७.२ ते ७.४, साखर १० टक्के, सोडियम क्लोराइड १.५ टक्के. मग मीठ थोडं कमी-जास्त करून आणखी दोन मिश्रणं लावा आणि तिन्हींची तुलना करा. खाडीतल्या शंखासाठी मीठ कमीच लागेल.

ग्लुटारल्डिहाइडनंतर प्राणी ‘पक्का झाला’ असं समजून साध्या बफरनं धुतलं जातं. पण ऑस्मियम (पुढच्या पायरीतलं दुसरं फिक्सेटिव्ह) लागेपर्यंत पटलं अजूनही पाणी आत-बाहेर करत असतात. धुण्याच्या बफरातही तेवढीच साखर आणि तेवढंच मीठ हवं. दाब कमी पडला तर पेशीपटल केंद्रकापासून फुग्यासारखं सुटतं, तंतुकणिका पोकळ होतात, ॲक्रोझोमचं आवरण फुटतं. दाब जास्त झाला तर पटल सुरकुततं आणि पेशींमधे रिकाम्या भेगा पडतात.

फॉस्फेट बफर वापरत असाल तर ते समुद्राच्या पाण्यात मिसळू नका. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचा साका बसतो आणि फोटोत सगळीकडे बारीक काळे कण दिसतात. कॅकोडायलेटमध्ये आर्सेनिक असतं. हातमोजे घाला, आणि ते द्रावण तीव्र आम्लाजवळ नेऊ नका, त्यातून विषारी वायू निघू शकतो. ग्लुटारल्डिहाइड पिवळं पडलं असेल तर बाटली बाजूला ठेवा.

वृषण लोण्यासारखं मऊ असतं, एका पात्यानं दाबलं की चेंदामेंदा. मेणाच्या पट्टीवर फिक्सेटिव्हचा थेंब घ्या, तुकडा त्यातच ठेवा आणि दोन नवी पाती कात्रीसारखी एकमेकींवरून सरकवत कापा. १ मिलिमीटरहून मोठा घन नको. पुढे त्याच बफरातलं १ टक्का ऑस्मियम टेट्रॉक्साइड एक ते दीड तास. शुक्राणूंचे झुबके फार घट्ट असतात, तुकडा ज्यात घट्ट बसवायचा ते रेझिन आत सावकाश मुरतं. ॲसिटोन आणि रेझिन अर्धे-अर्धे रात्रभर ठेवलं नाही तर छेद घेताना नेमक्या झुबक्यांच्या जागी भोकं पडतात.

अतिपातळ छेदांच्या घाईत अर्धा ते एक मायक्रोमीटरचा जाड छेद टोल्युइडिन ब्लूनं रंगवून पाहायचं टाळलं जातं. मशीनवर महागडा वेळ घेऊन तीन तास पाचकग्रंथीचे फोटो काढून परतायची वेळ त्यामुळेच येते.

केंद्रकद्रव्य घट्ट होण्याचा क्रम लावताना सावध राहा. पुरपुरासारख्या शंखांत ते दाणेदार, मग धागेदार, मग पापुद्र्यांसारखं आणि शेवटी एकसंध काळं होतं. लिंपेटमध्ये पापुद्रे शोधू नका, तिथे दाणेच जाड होत घट्ट होतात. पापुद्रे बाजूनं कापले तर समांतर रेघा दिसतात, समोरून कापले तर तोच भाग करडा आणि सपाट. एका फोटोवरून दोन अवस्था करू नका. एकाच केंद्रकाचे उभे आणि आडवे दोन्ही छेद हाती आल्यावरच अवस्थेला नाव द्या. जवळच ॲक्रोझोमची पिशवी कुठवर पोचली आहे तेही पाहा. ती गॉल्जीजवळ बनते आणि नंतर केंद्रकाच्या पुढच्या टोकाला जाऊन बसते, त्यामुळे तिच्या जागेवरून अवस्थेची दुसरी साक्ष मिळते.

मोजमाप आणि नावं

जिवंत शुक्राणूची लांबी आणि पॅराफिन छेदातली लांबी एकाच तक्त्यात घालू नका, कारण निर्जलीकरणात पेशी आकसतात. लांब शुक्राणू छेदात पूर्ण सापडतच नाही. एकूण लांबी जिवंत किंवा ग्लुटारल्डिहाइडमध्ये स्थिर केलेल्या सुट्या शुक्राणूंवरच मोजा. नेत्रिकेतली मोजपट्टी प्रत्येक वस्तुभिंगासाठी स्वतंत्र जुळवून घ्या.

प्रत्येक प्राण्याचं कवच आणि झाकण त्याच क्रमांकानं जपून ठेवा. २०१३ मध्ये इंडोथायस हा नवा वंश (जीनस) वेगळा काढला गेला आणि त्याआधी थायस म्हणून छापलेले आपल्या किनाऱ्यावरचे काही शंख त्यात गेले. कवच हाताशी असेल तर नाव केव्हाही दुरुस्त करता येतं. आणि बाटलीत टाकायची चिठ्ठी पेन्सिलनंच लिहा. बॉलपेनची शाई ७० टक्के अल्कोहोलमध्ये विरघळते आणि मग वर्षभराच्या बारा बाटल्यांतली जुलैची कोणती, हे कुणालाच सांगता येत नाही.